श्रीपादसाठी स्थळ

सासूबाईंच्या वर्षश्राद्धाला नणंद हळहळली, "शेवटी शेवटी आईला कुणाचीच ओळख राहिली नाही गं, हेमांगी."

भात वाढता वाढता हेमांगी मनाशी हसली. परजातीची म्हणून सासूबाई तिच्या लग्नाला आल्या नव्हत्या. पुढे वीस वर्षं एका घरात राहूनही त्यांनी तिला कधी सून म्हटलं नव्हतं. मग स्मृतिभ्रंशात हेमांगीचं नाव गेलं, नातं गेलं आणि तो रागही गेला.

एका दुपारी ती त्यांची वेणी घालत असताना त्यांनी तिचा हात धरला. "पोरी, तुझं लग्न ठरलंय का?"

"नाही अजून."

"मग आमच्या श्रीपादशी करशील?"

तिने मान डोलावली. सासूबाईंनी तिला कुंकू लावलं आणि हेमांगीच्या नवऱ्याला हाक मारली, "श्रीपाद, बाहेर ये. मुलगी मला पसंत आहे!"