तुमच्या शहरात

“तुमच्या शहरात भांडीसुद्धा पळता पळता घासतात वाटतं?” सासूबाईंनी कढई खिडकीच्या उजेडात धरली. शेजारच्या शहरातून सून या घरात आली त्याला सहा वर्षं झाली, पण टोमण्यांत एका दिवसाचा खाडा नव्हता. सूनही ऐकून घेणाऱ्यातली नव्हती. “तुमच्या शहरासारखी एका कढईला अख्खी दुपार नाही लागत आम्हाला!”

शिडी मागायला आलेल्या शेजारणीला चेव आला. “त्या शहरातली माणसं मुळातच उर्मट हो!”

सून तोंड उघडणार, तोच सासूबाईंनी कढई दाणकन ओट्यावर आदळली.



“शिडी घ्या नि चालू लागा! माझ्या सुनेच्या शहराला नावं ठेवायला मी समर्थ आहे.”