गवत ते गवत

सुनेनं माहेराहून येताना एक गिनीपिग आणला. मी त्याला उंदराचा थोरला भाऊ म्हणते. त्याच्यासाठी ती दुकानातून मऊ गवत विकत आणायची. "कसले मेले चोचले! गवत ते गवत," म्हणत मी मागच्या पडीक जागेतलं वाळकं गवत उपटलं आणि तिच्यादेखत पिंजऱ्यात कोंबलं.

दुसऱ्या दिवशी त्याचा एक डोळा मिटला आणि पाणी गळायला लागलं. "लक्ष असतं कुठं तुझं? एवढासा जीव सांभाळता येत नाही, उद्या पोरं काय सांभाळशील?" जनावरांच्या डॉक्टरकडे पोचेपर्यंत माझ्या तोंडाचा पट्टा चालूच होता. ती त्याला ओढणीत गुंडाळून भराभर चालत होती.

डॉक्टरांनी डोळ्यात थेंब टाकले, पापणी वर केली आणि चिमट्यानं काहीतरी अलगद ओढून काढलं.

"वाळक्या गवताचं कुसळ आहे. आणखी राहिलं असतं तर डोळा गेलाच असता. असलं गवत घातलं कुणी याला?"

मी भिंतीवरचा लसींचा तक्ता वाचायला लागले.

"मीच घातलं, डॉक्टर," सून म्हणाली. "आई नको म्हणत होत्या."



कुसळ चिमट्यात होतं. मुसळ कुणाच्या डोळ्यात होतं, ते आम्हा दोघींनाच ठाऊक.