तात्यांचं जाड नाणं

भैरोबाची आण, ह्यातलं अक्षर न् अक्षर खरं हाय!

पंच्याण्णव साली सणसरच्या गेणबातात्यांना जाड नाणी जमवायचा नाद लागला. लंडनचा पुतण्या खास धाडायचा, एरवीच्या नाण्याच्या दुप्पट जाड, आरशावानी लखलखीत. त्यातलं चांदीचं एक तर तात्यांचा जीव की प्राण. एका अंगाला राणी, दुसऱ्या अंगाला पंखवाली घोरपड. "लांबनं बघा, बोट लावाल तर डाग पडंल!"

पर दोन्ही सुनांचा डोळा त्याच्यावरच. तात्या इंदापूरला लग्नाला गेले, तवा त्यांच्या बायकूनं, कुशाबाईनं, बारामतीच्या सोनाराकडनं ते आडवं चिरून आणलं, भाकरीचा पापुद्रा सुटावा तसं.

"जाड हुतं, दोन झाली. घ्या एकेक!"

धाकटी उसळली. "थोरलीला राणी आन् मला घोरपड व्हय?"

झालं! दोघींनी चुली बंद केल्या. तात्या परतले तर घरात ना भाकरी, ना नाणं. कुशाबाई पुन्यांदा सोनाराकडं पळाली आन् तुकडे जोडून घिऊन आली.

"घ्या तुमचं जाड नाणं. राणी आन् घोरपड, दोघींस्नी आत कोंडलंय. आता भांडा म्हणावं!"

नाणं दोन्ही अंगांनी कोरं. तात्या ढसाढसा रडले.



बरं, रडले तेवढं माझ्या पदरचं. तात्या तर गावभर मिरवत सुटले, "असलं नाणं खुद्द राणीकडं बी न्हाय!"