बिनखोक्याचा बेस

"खोकं न्हाई? नुसती फळी?" बन्सी सुताराने रंधा बाजूला ठेवला. "रात्री कुत्र्यांसाठी चौकटीला टेकवतो तसली?"

"तसलीच समज. मधी गोल भोक, त्यात स्पीकर. मागनं सगळं उघडं," राधाकृष्ण म्हणाला.

"बेस हाय. दारं नसलेल्या गावात स्पीकरलाबी घर नको."

शिंगणापुरात घरांना दारं नाहीत. रात्री कुत्रं-मांजर शिरू नये म्हणून लोक चौकटीला फळी लावतात, सकाळी काढून ठेवतात. बंदोबस्त म्हणावा तर तेवढाच.

राधाकृष्णने उभं आयुष्य लग्नसराईत साऊंड पुरवला. त्याचा बेस सुरू झाला की घोडा जागेवर उभा असताना नवरदेव चार बोटं वर उडायचा, असं पंचक्रोशी सांगे. चार बोटं पंचक्रोशीची. तो स्वतः वीतभर सांगे. आता साठी उलटल्यावर मात्र त्याला असा बेस हवा होता, जो हातभर अंतरावर येऊन बसल्याशिवाय ऐकूच येऊ नये.

कारण बनुबाई.

त्याची बायको, तिचा नवरा जाऊन बरीच वर्षं लोटली होती. संध्याकाळी तो भजन लावी. गल्लीपलीकडे आपल्या ओट्यावर बनुबाई मूग निवडी आणि पखवाजावर मान डोलावी. भजन संपलं की सूप उचलून आत. इकडे यायची तिला गरजच काय? बेस पायी चालत तिच्या ओट्यावर जात होता. राधाकृष्णचे पाय मात्र उंबऱ्यापाशीच अडत. 'या बसायला' म्हणायला तोंड उघडे आणि विचारे, "मूग नवे का?" भिस्त काय ती एकाच गोष्टीवर. अख्ख्या गल्लीला भाऊ म्हणणारी बनुबाई त्याला कधी भाऊ म्हणाली नव्हती. 'साऊंडवाले' म्हणे.

"हे बघ," तो बन्सीला म्हणाला, "स्पीकर पुढं ढकलतो तवा मागं वढतो. खोकं नसलं की मागचा आवाज कडेनं वळून पुढच्याला गाठतो, अन् दोघं एकमेकाला खाऊन टाकत्यात. लांब काय उरत न्हाई. जवळ बसणाऱ्याच्या अंगात मातर पुढचा आधी शिरतो."

"म्हंजे मांडीला मांडी लावून ऐकायचं."

"फळीला लावून," राधाकृष्ण म्हणाला. कान लाल झाले होते. "फळी रुंद पाहिजे. अन् एकसंध."

"तसली आता कुठं मिळती? बघतो इचारून."

बन्सीने घोडेगाव पालथं घातलं, नगरच्या वखारी पाहिल्या. शेवटी एक दिवस जुन्या सागाची फळी खांद्यावर घेऊन आला. रुंद, वाळून खणखणीत, एका कडेला हात लागून लागून गुळगुळीत झालेली.

"कुठं घावली?"

"घावली," बन्सी म्हणाला आणि तोंडात तंबाखू टाकली.

मग कापणं, घासणं, पाय जोडणं. त्या दिवसांत पहाटे समोरून बनुबाईचं 'हाड्, हाड्' ऐकू येई. राधाकृष्णला ते गोधडीत पडल्या पडल्या तालात वाटे.

फळी उभी राहिली. उंबऱ्यात काहीच ऐकू येईना. दोन पावलं आत कुजबुज. आणि फळीसमोर अंथरलेल्या पोत्यावर टेकताच पखवाज आला, कानातून नव्हे, जमिनीतून. खोल विहिरीच्या तळाशी कुणी झोपेत कूस बदलावी तसा. राधाकृष्ण डोळे मिटून बसून राहिला.

समोर बनुबाईचे हात सुपात थांबले. तिने कान दिला, थोडा वेळ वाट पाहिली आणि आत गेली.

दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी ती ओट्यावर आलीच नाही.

"एवढा भारी बेस, की गिऱ्हाईकच पळालं," बन्सी म्हणाला.

राधाकृष्णला हसू आलं नाही. डोलणारी मान तेवढी त्याची होती, तीही त्याने आपल्याच हाताने घालवली होती. त्याने माळ्यावरचं जुनं खोकं खाली काढलं, धूळ झटकली. तेवढ्यात चौकटीत सावली पडली.

"काय वं साऊंडवाले, बिघडलं का?"

"न्हाई. चालू हाय."

"मला तर काय ऐकू येत न्हाई."

"तितनं न्हाई येत." त्याने पोतं झटकून सरळ केलं. "बसावं लागतं. हितं. जवळ."

चार ओट्यांवरच्या माना वळल्या. बनुबाईने पदर सावरला, आत आली आणि पोत्यावर बसली. तोही बसला. पखवाज दोघांच्या खालून वाहू लागला. उन्हं भिंतीवरून उतरली, गल्ली कुठेतरी लांब निघून गेली. जन्मात एक डाव बरोबर पडला, असं राधाकृष्णला वाटलं.

भजन संपलं. उठताना आधाराला बनुबाईने न बघताच हात टाकला, तो फळीच्या कडेवर, नेमका त्या गुळगुळीत जागी.

"वाजती चांगली," ती म्हणाली. "पर आता माझ्या चौकटीला रात्री काय लावायचं, तेवढं सांगा."