शंकूची टाकी

उत्तर न दिलेलं ते पत्र सरांना पाठ होतं. ‘पाणी उतरतं तसा त्याचा जोरही कमी होतो. मग टाकी चाळीस मिनिटांत कशी रिकामी होईल? माझं उत्तर अठ्ठेचाळीस येतं. मी कुठे चुकते, कळवाल का?’ लिहिणारी इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाची मुलगी. गणित सरांच्याच पुस्तकातलं, शंकूच्या आकाराच्या टाकीचं.

सरांनी तेव्हाच सोडवून पाहिलं होतं. अठ्ठेचाळीस आलं. पण पुस्तक वीस वर्षं चालत होतं, कुणी हूं की चूं केलं नव्हतं. आपलंच आज काहीतरी चुकतंय, पुन्हा पाहू, मग लिहू, असं म्हणता म्हणता सहा वर्षं गेली. दर वेळी अठ्ठेचाळीसच आलं.

आज ते पत्रावरचा पत्ता शोधत तिसऱ्या मजल्यावर आले. दार तिच्या आईनं उघडलं.

“मी... गणिताचा,” सर चाचरले.

“शिकवणीवाले का? हात जोडते, जा तुम्ही. गणितानंच पोर खाल्ली माझी.”

तिच्या खांद्यावरून आतली खोली दिसत होती. भिंती पेन्सिलीनं काळ्या झाल्या होत्या. हात पोचेल तिथवर एकच टाकी, एकच गणित. प्रत्येकाखाली अठ्ठेचाळीस, आणि प्रत्येक अठ्ठेचाळीसवर काट. मुलगी पाठमोरी बसून फरशीवर लिहीत होती. भिंती संपल्या होत्या.

“कॉलेज सोडलं,” आई कुजबुजली. “म्हणते, चाळीस आल्याशिवाय पुढचं पान उलटणार नाही. सरांना पत्रही घातलं होतं हो. पण एवढ्या बाळबोध चुकीला ते काय उत्तर देणार? एवढे मोठे सर, त्यांचं कसं चुकेल?”

“येतो,” एवढंच म्हणून सर वळले. दार लागलं.

जिन्यात बसून त्यांनी खिशातलं कार्ड काढलं. पुन्हा एकदा पडताळून पाहावं, असं अजूनही वाटत होतं. त्यांनी लिहिलं, ‘तुझं बरोबर आहे. माझं चुकलं.’ खाली सही केली.

आतली पेन्सिलीची खरखर थांबली होती.

दाराला पत्रांसाठी फट होती. सरांनी कार्ड आत सरकवलं. ते अर्धंही गेलं नव्हतं, तोच पलीकडून कुणीतरी ते हळूच ओढून घेतलं.