गवताची गाठ

"आज मोकळं व्हाले पायजे होतं," म्हणत प्रफुलने कॉम्प्युटरवर पुन्हा वेबसाइटचं तेच नाव टाकलं.

रंजीता त्याच्या खांद्यावरून पडद्याकडे बघत होती. तिचा बाप इसरू मागे बाकावर बसला होता, मांडीवर कोरं पांढरं कापड घेऊन. चामोर्शीच्या बाजारात त्याने ते सकाळीच घेतलं होतं. कशाला पाहिजे, असं कापडवाल्याने विचारलं तेव्हा पोराच्या नावाचा दगड बसवायचा आहे, एवढंच तो बोलला होता.

पोरगा रोशन दोन पावसाळ्यांपूर्वी हैदराबादकडे कामाला गेला. जाताना भांडून गेला. "मधाचे फोटो काढून पोट भरते का बे?" असं इसरूने त्याला चारचौघांत सुनावलं होतं. सुरुवातीला आईला फोन यायचे, मग तेही बंद झाले. शोधायला गेलेले हात हलवत परत आले. गावाचं तोंड कोण धरणार? जीव असा अधांतरी ठेवू नका, गेला समजून त्याच्या नावाचा दगड बसवा, असं जो तो सांगू लागला. शेवटी इसरू थकून हो म्हणाला. त्या होकाराची त्याला अजून लाज वाटत होती.

गावाचा मध मात्र रोशनने काढलेल्या वेबसाइटवर विकला जात होता. ऑर्डरी रंजीता बघायची. दोन महिन्यांपूर्वी ती वेबसाइटही बंद पडली.

प्रफुलला कॉम्प्युटरमधलं सगळं येतं असं चामोर्शीत म्हणतात, म्हणजे प्रफुल स्वतःच म्हणतो. पण हे त्याने नीट समजावलं होतं. वेबसाइटचं नाव कायमचं विकत मिळत नाही. वर्षापुरतं आपलं होतं, दरवर्षी पैसे भरून पुन्हा आपलं करून घ्यावं लागतं. खातं रोशनचं, पासवर्ड रोशनपाशी. मुदत संपली की वेबसाइट बंद. तरी कंपनी जुन्या मालकाची दोनेक महिने वाट बघते आणि मगच नाव मोकळं करते. मोकळं झालं की ते रंजीताने घ्यायचं, असं ठरलं होतं.

इसरूला हे लगेच समजलं होतं. त्यांच्या गावात मोहाच्या झाडाला गवताची गाठ बांधतात. ज्याची गाठ त्याचं झाड, त्या हंगामापुरतं. पुढच्या साली गाठ दिसली नाही तरी माणसं जरा थांबतात. धनी आजारी असेल, परगावी असेल. तो आलाच नाही तर मग दुसरा बांधतो.

"अरे, हे तं चालू झालं!" प्रफुल ओरडला.

पडद्यावर वेबसाइट उघडली होती. रोशनची आई बुधरी मधाचं पोळं धरून हसत होती.

"कोणं घेतलं आपलं नाव?" रंजीताचा आवाज चिरकला. मधाचा हंगाम तोंडावर आला होता.

"दुसऱ्यानं घेतलं असतं तं बुधरीबाईचा फोटो कायले ठेवला असता? जुन्याच खात्यातून पैसे भरले."

"आपोआप कटले असन."

"आपोआप कटाचे असते तं मुदतीलेच कटले असते. दोन महिने बंद काऊन राह्यलं असतं?" बोलता बोलता प्रफुल रंजीताकडे वळला.

इसरू उठून पडद्याजवळ आला. "मंग गाठ कोणं बांधली?"

"पासवर्ड एकाचपाशी हाय, इसरूभाऊ," प्रफुल हळूच म्हणाला.

इसरूने बुधरीच्या फोटोवर बोट टेकवलं. पोराचा राग अजून गेला नसेल. नसू दे. मग तो बाहेर पडला आणि तडक बाजारात जाऊन त्याने कापड कापडवाल्यापुढे ठेवलं.

कापडवाल्याने हात मागे घेतला. "मयताचं कापड वापस नाई होत, भाऊ."

"मयताचं नाई हे," इसरू म्हणाला. "याच्याबदली एक शर्ट दे. पोरगा माह्याएवढाच हाय."