होडीच्या फटी

होडीच्या पोटातून पहिला आवाज आला तेव्हा थोरला धक्क्यावर बसून दोरीची गाठ सोडत होता. वाळलेली फांदी गुडघ्यावर मोडावी तसा कट्‌कन आवाज. मागोमाग दुसरा. मग तळातून पाणी आत आलं, तेही झिरपत नाही, भसाभस.

"मोठे काका, हे काय झालं?" पुतणीने विचारलं. तिच्या अंगात मोठ्या माणसाचं लाइफजॅकेट होतं, गुडघ्यांपर्यंत लोंबणारं. आज ती पहिल्यांदा होडीत बसणार होती.

शेजारच्या होडीवरचे तिघे धावले. सगळ्यांनी मिळून होडी उतारावर ओढून घेतली. डोलकाठी कलली आणि नवं पांढरं शीड चिखलात लोळलं. आत डोकावून एक जण म्हणाला, "फळ्यांना धरणाऱ्या चार बरगड्या गेल्या. स्वस्तातली घेतली होती वाटतं?"

होडी थोरल्याच्या धाकट्या भावाने घेतली होती, जुन्या सायकलच्या भावात. "भंगारवाला निदान पैसे देऊन भंगार नेतो, आमच्याकडे पैसे देऊन आणतात," असं धाकट्याची बायको येईल-जाईल त्याला सांगायची. धाकटा हसायचा आणि रंधा उचलायचा. सुतारच तो. सहा महिने रोज संध्याकाळी त्याने कुजलेल्या फळ्या काढून नव्या बसवल्या. मग दवाखान्यात गेला, तो अकरा आठवड्यांनी तिथूनच गेला. उरलेलं काम थोरल्याने पुरं केलं. परवा होडी पाण्यात सोडली तेव्हा तिच्यात थेंबभर पाणी शिरलं नव्हतं. दोन दिवस थोरला येणाऱ्या-जाणाऱ्याला बोलावून तिचा कोरडा तळ दाखवत होता.

उतारावरच्या शेडमधून होड्या बांधणारा म्हातारा आला. फळ्यांवरून हात फिरवत तो होडीभोवती एक चक्कर मारून आला.

"फळ्या कुणी बसवल्या?"

"बाबांनी," पुतणी म्हणाली. मग आवाज अगदी खाली आणून, "आई म्हणायचीच, दारं-खिडक्या करणाऱ्याला होडीतलं काय कळतंय. बाबांचं चुकलं का हो, आजोबा?"

म्हातारा गुडघे टेकून बसला. दोन फळ्यांमधल्या फटीत त्याने चाकूचं टोक घालून पाहिलं. ते आत जाईना.

"फळ्या झकास बसल्यात गं. पण हे मध्ये काय ठोसलंय? दगड झालाय नुसता." तिला शेजारी बसवून घेत तो म्हणाला, "हे बघ. कोरडं लाकूड पाण्यात गेलं की पाणी पितं. पितं म्हणजे फुगतं. म्हणून फळ्यांमध्ये थोडी जागा ठेवायची आणि तिच्यात मऊ कापूस भरायचा. पहिले दोन दिवस होडी गळते. गळू द्यायची. फळ्या फुगल्या की आपोआप एकमेकींना भिडतात, गळणं थांबतं. इथे त्यांना फुगायला जागाच नाही. मग सगळा जोर बरगड्यांवर आला."

"कापूस होता की!" पुतणी ताडकन म्हणाली. "मी आणि बाबांनीच भरला होता. तेलात बुडवून. मी वळून द्यायचे आणि बाबा बसवायचे."

"मग गेला कुठे?"

थोरला चिखलातल्या शिडाकडे बघत होता. चाळीस वर्षं गवंडीकाम केलेला माणूस. त्याने बांधलेल्या भिंतीत नख शिरेल एवढी भेग कुणी दाखवली नव्हती. आताही गप्प राहिला असता तर कोण विचारणार होतं? मेलेला माणूस काही साक्ष द्यायला उठून येत नाही.

"मी काढला," तो म्हणाला.

दोघांनी त्याच्याकडे पाहिलं.

"खिळ्याने टोकरून सगळा काढला. मला वाटलं, घाईघाईने कोंबलाय, पुरं करायला वेळ मिळाला नाही बिचाऱ्याला. मग भेगा बुजवायची लांबी भरली, दगडासारखी होणारी. फट दिसली की माझा हात गप्प बसत नाही. तुझ्या बाबांचं काही चुकलं नाही, बाळ. त्याचं सगळं बरोबर होतं. आईलाही मी सांगेन तसं."

म्हातारा चाकू मिटून उठला आणि शिडाची गुंडाळी करायला लागला.

पुतणी लाइफजॅकेटचे पट्टे सोडत होती. एक सुटला, दुसरा अडकला. थोरला मदतीला पुढे झाला तशी ती मागे सरली. पट्टा तिने स्वतःच सोडवला.

"कधी काढला?"

"तो दवाखान्यात होता तेव्हा."

"मग त्यांना विचारायचं ना! तुम्ही तर रोज डबा घेऊन जात होतात."

"घरी आला की एकदम दाखवणार होतो गं," थोरला म्हणाला. "खूश झाला असता. म्हणून बोललो नाही."

तिने जॅकेटची घडी घातली. पाणी निथळणाऱ्या होडीत ती ठेवता येईना, म्हणून पोटाशी धरली.

"ते मला रोज विचारायचे," ती म्हणाली. "कापूस नीट आहे ना, उंदीर तर ओढत नाहीत ना. मी म्हणायचे, काळजी करू नका बाबा, मोठे काका बघतायत."